‘बंदूक त आनली, मंग मारत काऊन नाही?’

धानकापणीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी बांधीकडे गेलेला माणूस घरी आला नाही म्हणून गावानं रात्रभर बॅटऱ्या घेऊन शोधलं. पहाटे धुऱ्याजवळ एक चप्पल सापडली, पुढे विळा, आणि त्यापुढे गवत लवंडलेली एक सरळ रेघ जंगलात गेलेली. नऊ वाजेपर्यंत चार गावचे लोक गोळा झाले. मग फॉरेस्टची गाडी आली. तिच्यातून उतरलेल्या एकाजवळ लांब नळीची बंदूक होती. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं ती पाहिली आणि विचारलं, “साहेब, बंदूक त आनली ना, मंग मारत काऊन नाही?”

बीटगार्ड आमच्याच भागातला पोरगा. तो म्हणाला, “बाबाजी, थे बंदूक नोहे, इंजेक्शन हाये. अन् कोनत्या वाघाले मारू? थेच तं अजून माहीत नाही.”

हे उत्तर त्या दिवशी कोणालाच पटलं नाही. मलाही नाही. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याला, लागून आहे, त्यामुळे असे प्रसंग पुढेही पाहावे लागले. हळूहळू गार्डशी, वनमजुरांशी, ढोरांच्या डॉक्टरशी बोलणं होत गेलं. फॉरेस्टवाले नुसते उभे दिसतात तेव्हा खरं काय चाललेलं असतं, आणि कुठला उशीर कामाचा असतो न् कुठला नुसता उशीर, हे जेवढं मला उमगलं तेवढं सांगतो.

आधी माणसं कोण ते पाहू. आपण सरसकट ‘रेंजर साहेब’ म्हणतो, पण रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, एका रेंजचा प्रमुख. रेंजमध्ये राउंड असतात, तिथे वनपाल. राउंडमध्ये बीट, तिथे वनरक्षक, म्हणजे गार्ड. जुनी माणसं त्याला अजून नाकेदार म्हणतात. त्याच्यासोबत रोजंदारीवरचे वनमजूर. जंगलात काहीही घडलं तरी पहिल्यांदा पोचतात हे शेवटचे दोघं, आणि बहुतेक वेळा हातात काठी आणि वायरलेस एवढंच असतं. इंजेक्शनची बंदूक, जाळी, पिंजरा हे सारं बचाव पथकाकडे. ते पथक तालुक्याला किंवा जिल्ह्याला बसतं.

इथेच पहिला उशीर होतो, आणि त्याचा वाघाशी काही संबंध नाही. ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. त्याभोवती अकराशेच्या वर चौरस किलोमीटरचा बफर. त्याच्याही बाहेर ब्रह्मपुरी, चंद्रपूर, मध्य चांदा हे प्रादेशिक वनविभाग, आणि मधे मधे वनविकास महामंडळाचं जंगल. वाघाला ह्या रेघा दिसत नाहीत, फोन उचलणाऱ्याला मात्र पहिल्यांदा त्याच दिसतात. ‘ही जागा आमच्यात येत नाही’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, प्रेत समोर असताना. ह्या उशिराची बाजू मी घेणार नाही.

पुढचे उशीर वेगळे.

पहिला तास

पहिलं काम असतं प्रेत ताब्यात घेण्याचं. वाघ बहुतेकदा शिकारीपासून लांब जात नाही, झुडपात बसून राहतो. म्हणून दहा-बारा माणसं एका रांगेत, फटाके फोडत, डबे वाजवत पुढे सरकतात. एकटा कोणी पुढे जात नाही. प्रेत मिळालं की लगेच उचलत नाहीत, ह्यावरून गावात हमखास भांडण होतं. नातेवाइकांना कापड टाकून घरी न्यायचं असतं, आणि गार्ड म्हणतो, ‘थांबा, पंचनामा’. ते ऐकायला निर्दयी वाटतं. पण जखमा मानेवर आहेत की पाठीवर, दोन सुळ्यांमधलं अंतर किती, पगमार्क म्हणजे पंजाचे ठसे कसले, ओढत किती नेलं, ह्यावरून वाघ की बिबट ते ठरतं. जखमेवरच्या लाळेचे, तिथं पडलेल्या केसांचे नमुने घेऊन डीएनएसाठी हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. आणि त्याच पंचनाम्यावर घरच्यांच्या मदतीचा कागद उभा राहतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर २०२३ पासून राज्य सरकार २५ लाख रुपये देतं. सगळी रक्कम हातात पडत नाही, काही भाग बँकेत ठेव म्हणून राहतो. गुरं मारली असतील तर ४८ तासांच्या आत कळवायचं आणि मेलेलं ढोर जागेवरून हलवायचं नाही. हलवलं की केस गेली समजा. वास सुटतो म्हणून ओढून नाल्यात टाकणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

आता म्हाताऱ्याचा प्रश्न. मारत काऊन नाही?

वाघ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची एकमध्ये आहे. कलम ११ सांगतं की असा प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला आहे, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी-आजारी आहे, अशी खात्री पटली तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी हुकूम देऊ शकतात, कारणं लिहून. आणि मारण्याचा हुकूम तेव्हाच, जेव्हा त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे नेणं जमणारच नाही. म्हणजे आपल्या रेंजरला, त्याच्या वरच्या डीएफओला म्हणजे वनविभागाच्या प्रमुखाला, कलेक्टरलासुद्धा हा अधिकार नाही. एक अपवाद मात्र सर्वांसाठी आहे: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, कुठलाही गुन्हा करत नसताना, प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. तो त्या क्षणापुरता. दुसऱ्या दिवशी विष घालणं त्यात बसत नाही.

हुकूम मागायचा तर ‘कोणता वाघ’ हे सांगावं लागतं. इथून पुढे जे चालतं ते आपल्याला दिसत नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचेही एकसारखे नसतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही अंगांनी कॅमेरे बांधतात, टोंगळ्याएवढ्या, म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीवर. फोटो जुन्या नोंदींशी जुळवतात. एकाच परिसरात तीन-चार वाघ फिरत असले, आणि ब्रह्मपुरीकडे असतातच, तर घाईत भलताच वाघ पिंजऱ्यात जातो. मग मारणारा बाहेर मोकळा, आणि गाव ‘पकडला’ म्हणून निर्धास्त. ह्याहून वाईट काय असेल?

ह्यात किती काळ जातो त्याची उदाहरणं आपल्याच भागात आहेत. राजुऱ्याचा आरटी-१ वाघ २०२० च्या ऑक्टोबरात पिंजऱ्यात आला तोवर त्याच्यामागे वर्षाहून जास्त काळ माणसं लागलेली होती. वडसा भागातला सीटी-१ वाघ २०२२ च्या ऑक्टोबरात पकडला, तेव्हा त्याच्या नावावर तेरा माणसं होती. यवतमाळ जिल्ह्यातली टी-१ वाघीण, जिला अवनी म्हणत, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली, आणि ती आधी बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला का ह्यावरचा वाद कोर्टापर्यंत गेला. मला वाटतं आज प्रत्येक रेंजर बंदुकीआधी कागद का शोधतो, त्यामागे ते प्रकरण बरंच आहे.

इंजेक्शन म्हणजे मारलं की पडलं, असं नाही

टीव्हीवर सुई लागते आणि जनावर धाडकन कोसळतं. प्रत्यक्षात औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. साधारणपणे झायलाझिन आणि केटामाइन ह्या दोन औषधांचं मिश्रण वापरतात. पहिल्यानं स्नायू सैल पडतात, दुसऱ्यानं शुद्ध हरपते. मात्रा वजनावर असते, आणि वजन डॉक्टरला वीस-पंचवीस मीटरवरून, झुडपाआडून, नजरेनंच ठरवायचं असतं. मोठा नर दोनशे किलोच्या आसपास जातो, वाघीण त्याहून बरीच हलकी. औषध कमी पडलं तर अर्धवट गुंगीतलं, चिडलेलं जनावर गर्दीसमोर. जास्त झालं तर श्वास मंदावतो, आणि वाघ मेला तर तीही चौकशी.

सुई मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड मांसातच बसायला हवी. पोटात गेली तर आतडं फाटतं. सुई लागली की वाघ पळतो, आणि गुंगीत नाल्याच्या पाण्यात तोंड खाली करून पडला तर गुडघाभर पाण्यातही बुडून मरतो. म्हणून आजूबाजूला पाणी, विहीर, रस्ता असला तर डॉक्टर ही सुई मारत नाहीत. अंधार पडू लागला तरी मारत नाहीत, कारण सुई लागलेला वाघ रात्री हरवला तर सकाळपर्यंत तो कुठल्या वावरात जागा होईल कोण सांगणार. आणि आपला उन्हाळा. चंद्रपूरचं ऊन सांगायला नको. बेशुद्ध जनावराला अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही, ताप चढत जातो. त्यामुळे मे महिन्यात हे काम पहाटेच. जनावर पडल्यावर पहिले डोळे कपड्यानं झाकतात, कारण ह्या औषधात डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात. मग अंगावर पाणी, गुदद्वारात थर्मामीटर, श्वास मोजणं. पिंजऱ्यात घातलं की उलटं इंजेक्शन देतात, ते झायलाझिनचा असर उतरवतं. केटामाइनला तसा उतारा नाही, ते आपोआप ओसरेपर्यंत वाट पाहायची.

आता ह्या सगळ्या हिशेबात तीन हजार माणसं मिळवा. झाडावर चढलेली पोरं, मोबाइल वर धरलेले हात, ‘पकडा, पकडा’ची आरोळी. बाहेर पडायची वाट मोकळी राहिली असती तर जो वाघ रात्री आपल्या पायांनी जंगलात परत गेला असता, तो चारी बाजूंनी कोंडून हल्ला करतो. म्हणूनच जमावबंदी लावतात. आधी ती १४४ कलमानं ओळखली जायची, २०२४ च्या जुलैपासून नव्या कायद्यात ते कलम १६३ झालं. वाघाआधी पोलिसांची गाडी आली की गावाला राग येतो, मलाही यायचा. आता मी स्वतः पोरांना झाडावरून उतरवतो, आणि शिव्या खातो.

विहिरीतला बिबट

सगळंच इतकं काळं नसतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं आनंदानं पाहतात ती विहिरीतली सुटका. शेतातल्या पुष्कळ विहिरींना कठडा नाही. जमिनीशी सपाट तोंड, बाजूला रानतुळस माजलेली. रात्री कुत्र्यामागे पळणारा बिबट सरळ आत. सकाळी मोटर सुरू करायला गेलेल्याला आतून गुरगुर ऐकू येते.

बिबट पोहतो, पण तासन्‌तास नाही. म्हणून पिंजरा येईपर्यंत त्याला धरायला काहीतरी द्यायचं. सगळ्यात उत्तम म्हणजे बाज. चारी पायांना दोर बांधून ती पाण्यावर तरंगत सोडायची. एकदा आमच्या घरची बाज गेली. बिबट्यानं पुढचे पाय टाकले, मग हळूच सगळं अंग वर घेतलं आणि मांजरासारखा बसला. पाच तास. त्यानंतर फॉरेस्टवाल्यांनी अख्खं गाव मागे हटवलं, दिवस मावळेपर्यंत काहीच केलं नाही, आणि अंधारात बांबूची शिडी आत सोडून सगळे निघून गेले. सकाळी विहीर रिकामी. ‘एवढे लोक आले, अन् केलं काय? शिडी लावली!’ असं चावडीवर झालं. पण ह्या कामातली सगळी अक्कल त्या निघून जाण्यात होती. माणूस दिसला तर बिबट वर येत नाही, आणि आलाच तर माणसावर येतो. विहीर भरवस्तीत असेल तरच पिंजरा खाली सोडून त्यात घेतात. रानगवा पडला तर शिडी काय कामाची. जेसीबीनं एका बाजूनं उतार खणून देतात आणि तो चालत बाहेर येतो. बाजेच्या दोऱ्या तेवढ्या फाटल्या. आजीनं त्या पुन्हा विणून घेतल्या, पण नखांचे ओरखडे असलेला एक पाय तसाच आहे.

आग ही त्यामानानं मुकी आणीबाणी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतात, त्याआधी जाळरेषा जाळून साफ करायच्या असतात, म्हणजे आग आली तरी त्या पट्ट्यावर खायला काही नसतं. आपल्या जंगलातल्या आगी आभाळातून पडत नाहीत. मोहफुलं स्पष्ट दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी चांगली फुटते म्हणून पेटवतात, आणि बिडी आहेच. आता उपग्रहावरून गरम ठिपका दिसला की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर संदेश येतो. पण तो ठिपका पावणेचारशे मीटरच्या चौकोनाचा असतो, आणि उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच दिसतो. बाकी पायांचं काम. पाणी कुठून आणणार? पाठीवरचे ब्लोअर पाला उडवून आगीपुढची जमीन उघडी करतात, मागून माणसं ओल्या फांद्यांनी झोडपतात. वारा फिरला की तीच माणसं मधे सापडतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या आगीत तीन वनमजुरांचा जीव गेला. रोजंदारीवरची माणसं होती.

करंट हाही रोजचाच. रानडुकरं धान, चणा काही ठेवत नाहीत, तर कोणी थेट लाइनवर आकडा टाकून कुंपणाला वीज देतो. त्यात वाघ मरतात, आणि रात्री जागलीला निघालेला शेजारीही. गार्डचं पहिलं काम लाइन बंद करवणं, बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणाला हात लावू न देणं. झटका मशीन वेगळी. तिचा धक्का सेकंदाच्या अगदी लहान तुकड्याचा असतो आणि मधे खंड असतो, म्हणून डुक्कर दचकून मागे फिरतं. थेट लाइनचा प्रवाह सुटतच नाही, स्नायू आखडतात आणि तार धरूनच जीव जातो. अशा ठिकाणी वाघ मेलेला सापडला तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमानुसार ती शिकारच धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. शवविच्छेदन झालं की कातडी-नखांसकट सगळं पंचांसमोर जाळतात, राख होईस्तोवर उभं राहून.

पर्यटकांचे अपघात मी फार सांगत नाही. जिप्सी बंद पडते, आग्या मोहोळ उठतं, कोणाला उष्माघात होतो. गाईड आणि वायरलेस असल्यानं बहुतेक निभावतं. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि बछड्यांना गाड्यांनी दोन्हीकडून अडवलं, त्याची हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. त्या बातमीला जेवढी जागा मिळाली तेवढी पाणवठ्यावर गेलेल्या आमच्या बायांना मिळत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सफारीचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतं, गाईडही नव्हता.

आणि गार्ड? नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा रेंजमध्ये व्याघ्रगणनेच्या कामाला निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीनं मजुरांसमोर ओढून नेलं. वाटेत वाघीण बसलेली दिसली तेव्हा ते लोक थांबले होते, वाट पाहिली होती, आडवाटेनं जायला निघाले होते. नियमानं जे करायचं ते केलं होतं.

आता तुमच्या गावात असं काही झालं तर फोन कसा करायचा ते सांगतो, कारण घाबरलेला माणूस नेमकं तेच सांगत नाही जे हवं असतं. वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट नंबर १९२६, जखमीसाठी १०८. बीटगार्डचा नंबर पोलीस पाटलाकडे असतोच, तो आधीच स्वतःच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. ‘वाघ आला, लवकर या’ एवढं बोलून ठेवू नका. कोणाचं वावर, कोणत्या गावाच्या शिवारात, गाडी कुठपर्यंत येते, जनावर शेवटचं कोणी आणि किती वाजता पाहिलं, जखमी आहे का, जवळ विहीर-नाला आहे का. साप चावला असेल तर सापामागे धावू नका, चिरा देऊ नका, करकचून दोरी बांधू नका. हात-पाय हलू न देता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर फॉरेस्टची मागा, देतात.

आणि किती माणसं जमली आहेत तेही सांगा, खरा आकडा. आमच्या गार्डला मी विचारलं होतं की वाघाच्या फोनवर हा प्रश्न कशाला. तो म्हणाला, “पन्नास असन तं मी पयले पिंजरा भरतो गाडीत. पाचशे असन तं पयले ठान्यात फोन लावतो.”